गाळ कोण काढणार?

ॲरिझोनाच्या वाळवंटात हीला नदीच्या काठी राहणारे लोक स्वतःला अकिमेल ओओधम, म्हणजे नदीची माणसं, म्हणवतात. पिमा हे नाव त्यांना बाहेरच्यांनी दिलं. त्यांच्या पूर्वजांनी लाकडी काठ्या आणि दगडी पात्यांनी जमीन उकरून मैलोन्‌मैल पाट काढले होते. 1849 नंतर सोन्यासाठी कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या जथ्यांना वाटेत जगवलं ते पिमांच्या गव्हानं. पुढे सरकारी कागदांत ‘लाभार्थी’ ठरलेली ही माणसं मुळात पाण्याची जाणकार होती, हे आधी सांगायला हवं.

1859 मध्ये त्यांच्यासाठी प्रदेश राखून ठेवला गेला. पाणी कुणी राखलं नाही. वरच्या अंगाला फ्लॉरेन्सजवळ नव्या वसाहतींनी नदी वळवली, 1880च्या दशकात तिथे मोठा कालवा निघाला आणि खालची शेतं करपली. गहू विकणारी कुटुंबं मेस्किटची झाडं तोडून जळण विकू लागली.

1908 मध्ये मोंटानातल्या फोर्ट बेलनॅपच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की जमीन राखली तेव्हाच तिला लागणारं पाणीही राखलं गेलं. हा ‘विंटर्स’ निकाल आजही आधाराला घेतला जातो. पण निकालानं पाट वाहत नाही.

पाट बांधायला पैसा अधूनमधून येत होता. कोलोरॅडो नदीकाठच्या राखीव प्रदेशातल्या कालव्यासाठी अमेरिकी काँग्रेसनं 1867 मध्येच 50,000 डॉलर मंजूर केले होते. हीला नदीवरच्या धरणाचा कायदा 1924 चा, आणि 1930 मध्ये माजी अध्यक्ष कूलिज यांच्या नावाचं ते धरण समारंभपूर्वक खुलं झालं. बुडीत क्षेत्रात सॅन कार्लोस अपाचींची दफनभूमी होती. तिच्यावर काँक्रीटचा थर ओतला गेला. भिजवायच्या एक लाख एकरांपैकी निम्मे पिमांचे, निम्मे बाहेरच्यांचे. पुढच्या काळात हा जलाशय अनेकदा तळाला गेला.

खरी हेळसांड मात्र उद्घाटनानंतर सुरू होते. पाट चालवायचा आणि दुरुस्त करायचा खर्च पाणीपट्टीतून निघावा, असं धोरण होतं. ज्या जमिनीवर ही पट्टी बसायची तिचे आधीच तुकडे झाले होते. पिमांना माणशी दहा एकर भिजणारी जमीन वाटून दिली होती. दोन-तीन पिढ्यांत एकेका तुकड्याला इतके वारस झाले, की कसायला द्यायचा म्हटला तरी सगळ्यांच्या सह्या जमेनात. जमीन पडीक, म्हणून पट्टी नाही. पट्टी नाही, म्हणून दुरुस्ती नाही. चारीत गाळ साचतो, काठावर तण माजतं. गुरं पाण्याला उतरतात तिथे भराव खचतो, गंजलेलं दार पुरतं मिटत नाही. वरच्याच्या शेतात पाणी तुंबतं आणि शेपटाकडचा शेतकरी कोरड्या चारीकडे बघत बसतो. आपल्याकडच्या टेलच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको.

2006 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षकांनी आदिवासी भागांतल्या अशा 16 प्रकल्पांचा हिशेब मांडला. रखडलेल्या दुरुस्त्यांचा, हे प्रकल्प चालवणाऱ्या सरकारी खात्याचा अंदाज 85 कोटी डॉलरचा होता. आकड्यापेक्षा बोचतं ते दुसरंच निरीक्षण: प्रकल्पप्रमुखांवर देखरेखीचा अधिकार ज्यांच्याकडे होता त्यांना सिंचनाचं तंत्र अवगत नव्हतं, आणि ज्यांना ते अवगत होतं त्यांना अधिकार नव्हता. पाणी वापरणाऱ्या शेतकऱ्यांचाही निर्णयांत फारसा सहभाग नव्हता. शंभर वर्षांच्या कारभाराचं एवढं नेमकं निदान क्वचितच झालं असेल. त्यानंतर दहा वर्षांनी, 2016 च्या कायद्यानं दुरुस्तीसाठी वर्षाला 3.5 कोटी डॉलरचा निधी ठरवला. गरज केवढी आणि निधी केवढा!

पिमांनी दरम्यान आपली वाट धरली होती. नवे कालवे आखण्या-बांधण्याचं काम 1990च्या दशकात त्यांनी स्वतःकडे घेतलं. 2004 च्या तडजोडीच्या कायद्यानं त्यांना वर्षाला 6,53,500 एकर-फूट पाणी मिळालं. म्हणजे सुमारे 28 टीएमसी, जवळपास खडकवासला साखळीतल्या चारही धरणांच्या साठ्याएवढं. गुजरातेत नर्मदा कालव्यावर 2012 मध्ये सौर पटलं बसली होती. अमेरिकेत तसा पहिला प्रयोग 2024 मध्ये याच लोकांनी आपल्या कालव्यावर केला.

त्यांनी काही पाणी नदीच्या कोरड्या पात्राजवळ जिरवायलाही सोडलं. तिथे आता पाणकणीस उगवतं, वाळुंज उगवतो. पिमांच्या टोपल्या विणायला याच दोन वनस्पती लागतात.