सवणं

बीडकडून घाट चढून मांजरसुंब्याला आलं की बालाघाटाचा माथा लागतो. दगड मुबलक, पाऊस बेताचा. असल्या मुलखात उतरत्या छपराची गरजच पडली नाही. इथलं जुनं घर माळवदाचं: लाकडी तुळया, त्यांवर सरं, किलचान, पाला आणि सगळ्यात वर पांढरी माती, हातभर जाड. भिंती दगडमातीच्या, रुंद, शेजारच्या घराला चिकटलेल्या. खिडकीला जागाच नाही. म्हणून छतालाच चौकोनी भोक ठेवत. ते सवणं. कुठे त्याला साणंही म्हणतात. पावसात त्यावर फरशी झाकायची.

मला वाटतं, सवणं जन्मलं ते चुलीपायी. धूर वर जायला वाट हवी होती. पण धुराबरोबर तापलेली हवाही निघून जाते आणि तिची जागा भरायला ढाळजेतली, सावलीतली हवा खालच्या दारातून आत येते. दार आणि सवणं यांच्या उंचीत जितकं अंतर, तितकी ही ओढ जास्त. बाहेर झाडाचं पान हलत नसलं तरी चालतं. भर दुपारी मात्र घर बाहेरच्यापेक्षा गार असतं, तेव्हा ओढ मंदावते. खरं काम रात्रीचं. दिवसभराचं ऊन मातीतून झिरपत आत पोचेपर्यंत अंधार पडतो. माणसं अंथरुणं घेऊन माळवदावर गेलेली असतात आणि खाली घर सवण्यातून निवत राहतं.

संस्कृतात खिडकीला वातायन म्हणतात, म्हणजे वाऱ्याची वाट. इंग्रजी ‘विंडो’चं मूळ जुन्या नॉर्स भाषेत, अर्थ ‘वाऱ्याचा डोळा’. त्या थंड मुलखातही धुरासाठी छताला भोक ठेवत. इतक्या लांबची माणसं चुलीपाशी बसून एकाच जागी पोचली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादेत हजारो माणसं गेली, त्यांतली कितीतरी याच मातीच्या छतांखाली आणि दगडी भिंतींखाली. त्यानंतर माळवदाची धास्ती बसली, आणि ती खरीच होती. माणसं मेली ती भारानं, सवण्यानं नव्हे. पण माळवद गेलं तसं सवणंही गेलं. आता पत्रा आहे, स्लॅब आहे. दोन्हींत फूटभराची चौकट ठेवून वर झाकण बसवता येतं, पण गवंड्याला तसं कुणी सांगत नाही. मे महिन्यात पत्र्याखालचा पंखा तीच तापलेली हवा फिरवत राहतो.