उमापूरची शीव

गेवराई तालुक्याच्या पश्चिमेकडील उमापुरातून शेवगावच्या वाटेला लागलेल्या प्रवाशाला आज एखादी पाटी वाचल्यावाचून जिल्हा बदलल्याचे कळत नाही; माती तीच, बोली तीच, आणि सोयरिकी तर शिवेच्या दोन्ही अंगांना पिढ्यान्‌पिढ्या गुंतलेल्या. परंतु 1948 पर्यंत या मुलखात एक राज्य संपून दुसरे सुरू होत असे: अलीकडे निजामाची मोगलाई, पलीकडे 1947 पर्यंत इंग्रजी अंमलातला नगर जिल्हा.

त्यापूर्वीची अवस्था याहून बिकट होती. 1719 च्या सनदांनी दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई व सरदेशमुखी मराठ्यांकडे आली, आणि मुलूख एकाचा पण वसुलात वाटा दुसऱ्याचा, अशी दोअमली रूढ झाली. तंटा शिवेच्या दगडांचा नसून हक्काचा असल्यामुळे तो कोणत्याही मोजणीने मिटणारा नव्हता. 10 ऑगस्ट 1763 रोजी याच तालुक्यातील राक्षसभुवनास, गोदेच्या काठी, माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा मोड केला, दिवाण विठ्ठल सुंदर रणात पडला, आणि तहात 82 लाखांचा मुलूख पेशव्यांच्या पदरात पडला. तरीही 1795 मध्ये खर्ड्यास तीच दोन निशाणे पुन्हा समोरासमोर आली. तहनाम्यावर मोर्तब झाले की कलह संपला, असे दरबारी मंडळींनाच वाटते. रयतेला खरे काय ते दारात उभा राहिलेला कमाविसदार सांगतो.

पेशवाई बुडाल्यावर 1822 च्या तहाने निजामाची चौथाईतून सुटका झाली आणि सरहद्दीवरील मुलखाची अदलाबदलही झाली. दावा मिटला, नाका मात्र राहिला. मालावर करोडगिरी होतीच, आणि नाणेही निराळे. नगरच्या पेठेत माल विकून इंग्रजी कलदार रुपये कनवटीला लावून परतणाऱ्या कुणब्याला, निजामी अमदानीच्या अखेरच्या काळात, शंभर कलदारांचे 116 रुपये 10 आणे 8 पै हाली, म्हणजे निजामी नाण्यात, हा हिशेब वाटेतच मनाशी मांडावा लागे. सराफाचा बट्टा यात धरलेला नाही! सप्टेंबर 1948 मध्ये हिंदी लष्कराने पाच दिवसांत निजामाचे संस्थान घेतले, पण हाली शिक्का त्यानंतरही काही वर्षे बाजारात फिरतच होता.

दावा मिटल्यावरही नाका उरतो, हा या शिवेवरचा अनुभव 1985 मध्ये ढाक्यास सार्क स्थापन करणाऱ्या राष्ट्रांनी ध्यानी घ्यावयास हवा होता. काश्मीरचा प्रश्न भिजत पडला असता व्यापाराचे करार कागदावरच राहणार, हे उघड होते. उलट परस्परांच्या भूमीत अडकलेल्या 162 छिटमहालांचा गुंता भारत व बांगलादेश यांनी 31 जुलै 2015 च्या मध्यरात्री सोडविला खरा, परंतु मूळ करार 1974 चा. तोवर तेथील माणसे कोणत्याच सरकारच्या खिजगणतीत नव्हती.

आमच्याकडचा विलंब याहून लांबला. निजामी अमदानीत गोदावरी खोऱ्यातला लोहमार्ग मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणीकडे गेला; दोन सरकारांच्या सरहद्दीवर पडलेला नगर व बीड यांच्यामधला टापू रुळांवाचून राहिला. बीडहून नगरला पहिली आगगाडी 17 सप्टेंबर 2025 रोजी, मराठवाडा मुक्तिदिनीच, सुटली.