भूगोल प्रयोगशाळा, माध्यमिक शाळेतील

नकाशावाचन, हवामानाच्या नोंदी, भूरूपांच्या प्रतिकृती व क्षेत्र-अभ्यास यांच्या द्वारे भूगोलातील संकल्पना विद्यार्थ्यास स्वतःच्या कृतीने समजाव्यात, यासाठी शाळेत केलेली सोय. पृथ्वीगोल, स्थलनिर्देशक नकाशे, पर्जन्यमापक, वातदिग्दर्शक, होकायंत्र, खडकांचे नमुने व वाळूची पेटी ही तिची मुख्य साधने होत. यांपैकी काही कृती संगणकाच्या पडद्यावर करता येतात. त्या व्यवस्थेस ‘आभासी प्रयोगशाळा’ म्हणतात.

या पद्धतीचे एक आरंभीचे उदाहरण पेस्तालोत्सी या शिक्षणतज्ज्ञाच्या स्वित्झर्लंडमधील इव्हर्दों येथील शाळेत (१८०५–२५) आढळते. तेथील मुले प्रथम जवळची दरी पाहत, तेथील चिकणमातीने तिची प्रतिकृती करीत आणि नंतरच नकाशाकडे वळत. जर्मन भूगोलज्ञ कार्ल रिटर याच्यावर या शाळेचा प्रभाव पडला. भारतात त्रिकोणमितीय सर्वेक्षणास १८०२ मध्ये प्रारंभ होऊन उत्तम नकाशे तयार झाले. तथापि शालेय भूगोल दीर्घकाळ नद्या, शहरे व पिके यांच्या पाठांतरातच अडकून राहिला. प्रयोगशाळा ही भौतिकी व रसायनशास्त्र यांचीच गरज मानली गेली.

वस्तुतः गावाचा परिसर हीच पहिली प्रयोगशाळा होय. सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुका याचे चांगले उदाहरण आहे. सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव याच तालुक्यात आहे. तालुक्याच्या उत्तरेस नीरा नदी वाहते, तर दक्षिणेस खंबाटकी घाटाची रांग आहे. रांगेच्या उत्तर उतारावरील पाणी नीरेतून भीमेस मिळते, दक्षिण उतारावरील पाणी कृष्णेकडे जाते. हे दोन्ही प्रवाह पुढे रायचूरजवळ एकत्र येतात. जलविभाजक म्हणजे काय, हे विद्यार्थ्यास घाटमाथ्यावर उभे राहून समजते. महाबळेश्वर येथे वर्षाला सरासरी ५,००० मिमी.पेक्षा जास्त पाऊस पडतो, तर जवळचा खंडाळा पर्जन्यछायेत येतो. शाळेतील पर्जन्यमापकाच्या रोजच्या नोंदी ठेवल्यास हा फरक आकड्यांत उतरतो.

१:५०,००० प्रमाणाच्या नकाशात समोच्च रेषांमधील अंतर सामान्यतः २० मी. असते. प्रत्येक रेषेसाठी २ मिमी. जाडीचा पुठ्ठा कापून थर रचल्यास उभे प्रमाण १:१०,००० होते. म्हणजे डोंगर प्रत्यक्षापेक्षा पाचपट उंच भासतो. ही अतिशयोक्ती विद्यार्थी स्वतः मोजतो. पडद्यावरील त्रिमितीय दृश्यातही ती असू शकते, पण ती सहसा लक्षात येत नाही.

गूगल अर्थ (२००५) व भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे ‘भुवन’ (२००९) यांमुळे उपग्रहचित्रे शाळेपर्यंत पोचली. शिरवळ परिसरात शेतजमिनीवर वाढलेली औद्योगिक वसाहत निरनिराळ्या वर्षांच्या चित्रांवरून अभ्यासता येते. हे काम पायी केलेल्या सहलीने साधत नाही. उलट मातीचा पोत, उताराची चढण व मापनातील चूक यांचा अनुभव पडदा देऊ शकत नाही. म्हणून या दोन पद्धती परस्परपूरक ठरतात. प्रथम क्षेत्रभेट, मग प्रतिकृती व नकाशा आणि शेवटी उपग्रहचित्र हा क्रम हितकर होय.

महाराष्ट्राच्या दहावीच्या पाठ्यपुस्तकात (२०१८) ‘क्षेत्रभेट’ हा पहिलाच पाठ आहे. तथापि उच्च माध्यमिक स्तरावर असते तशी भूगोलाची स्वतंत्र प्रात्यक्षिक परीक्षा दहावीस नाही. जे तपासले जात नाही, ते शिकविण्याचेही टळते. प्रयोगशाळेचे भवितव्य साधनांच्या किमतीइतकेच या गोष्टीवर अवलंबून आहे.