रोवणीला बाया का येत नाहीत?

माझ्या पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला ‘पी. टी.’ नावाची एक कपात असते. २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. महाराष्ट्रात नोकरी करत असाल तर बहुधा तुमच्याही स्लिपवर ती असेल. हा व्यवसाय कर १९७५ साली आला आणि एका खास कारणासाठी आला: गावातल्या माणसानं काम मागितलं की ते देण्यासाठी सरकारजवळ पैसा असावा म्हणून. शहरातल्या पगारदारानं गावातल्या मजुराच्या रोजीची हमी घ्यायची, असा तो व्यवहार होता.

या व्यवहाराची दुसरी बाजू मला घरून कळते. मी पुण्यात कोड लिहितो, पण घरी अर्जुनी मोरगाव तालुक्यात आमचं चार एकर धान आहे. जुलैत पऱ्हे तयार होतात, पाऊस बांध्या भरतो आणि सगळ्या गावाला एकाच वेळी रोवणी उरकायची असते. मग बाबांचा फोन येतो: “बाया भेटत नाहीत. सरकारनं फुकट पैसे वाटून सगळ्यांना आयतं खायची सवय लावली.” सध्या दोष लाडकी बहीण योजनेचा आहे. आधी मनरेगाचा होता, त्याआधी रेशनच्या तांदळाचा, त्याहीआधी रोहयोचा. कारण बदलतं, वाक्य बदलत नाही. म्हणून या वाक्याचाच इतिहास शोधायला घेतला.

तो निदान २३० वर्षं मागे जातो. १७९५ मध्ये इंग्लंडच्या बर्कशायर परगण्यातल्या न्यायाधीशांनी स्पीनहॅमलंड इथं ठरवलं, की पावाचा भाव वाढला आणि मजुरी पुरेनाशी झाली, तर कमी पडलेली रक्कम गावाच्या निधीतून द्यायची. १८३४ च्या चौकशी आयोगानं निकाल दिला: या मदतीनं मजूर आळशी झाले. त्यानंतर मदत हवी असेल तर कुटुंबासकट कोंडवाड्यासारख्या ‘वर्कहाऊस’मध्ये राहायला जा, असा कायदा आला. मार्क ब्लॉग या अर्थतज्ज्ञानं १९६३ मध्ये तो पुरावा पुन्हा तपासला, तेव्हा गणित उलटं निघालं. मदतीमुळे मजुरी पडली नव्हती. मजुरी आधीच पडलेली होती आणि हंगाम संपल्यावर कामच नसायचं, म्हणून मदत द्यावी लागत होती. पण तोवर सव्वाशे वर्षं लोटली होती आणि त्या निकालाची भीती इंग्रजांसोबत हिंदुस्थानातही येऊन गेली होती.

१८७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरची रोजी घटवून दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे एवढीच ठेवली. जास्त दिलं तर लोक सोकावतील, हा त्यामागचा विचार. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामं सोडून निषेध केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू मांडली. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ मध्य प्रांतावर कोसळले. आजचा गोंदिया तेव्हा त्याच प्रांतातल्या भंडारा जिल्ह्यात होता. या सगळ्या काळात खडी फोडणं आणि माती वाहणं ही एक परीक्षा होती: एवढ्या कमी मोबदल्यात एवढं कष्टाचं काम करायला जो तयार, तोच खरा गरजू.

या परीक्षेला उलटं करणारा माणूस सांगली जिल्ह्यातला निघाला. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. १९६५ मध्ये त्यांच्या तासगाव तालुक्यात, मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग झाला. १९७२ ला वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना योजना राज्यभर लागू झाली आणि लगेच मोठा दुष्काळ आला. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख लोक सरकारी कामांवर होते. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम तेच होतं, टोपली आणि कुदळीचं. पण आता ते मजुराची परीक्षा घेणारं नव्हतं, मजुरानं हक्कानं मागायचं होतं. मस्टरवर बाई आणि गडी यांचा दर एक होता, त्यामुळे बाया मोठ्या संख्येनं आल्या.

लोकांना काम करायचं नसतं, हा आरोप खरा असता तर ही योजना ओस पडली असती. घडलं वेगळंच. १९८८ मध्ये किमान वेतन दुप्पट झालं, रोहयोचा दरही त्याच्यासोबत वाढला, आणि कामावरची हजेरी मात्र घटली. मार्टिन रॅव्हॅलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडे तपासून दाखवलं, की मागणी होती, सरकारनंच कामं कमी काढली. हमी कागदावर राहिली आणि प्रत्यक्षात रेशनिंग सुरू झालं.

काम न करवता थेट पैसे दिले तर? त्याचेही प्रयोग झाले आहेत. कॅनडातल्या डॉफिन या छोट्या शहरात १९७४ ते १९७९ दरम्यान कुटुंबांना किमान उत्पन्नाची हमी दिली होती. एव्हलिन फोर्जे यांनी पुढे त्या काळातल्या नोंदी अभ्यासल्या. काम ठळकपणे कमी केलं ते तान्ह्या बाळांच्या आयांनी आणि शाळा पूर्ण करू पाहणाऱ्या मुलांनी. दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण ८.५ टक्क्यांनी घटलं. आपल्या शेजारी मध्य प्रदेशात ‘सेवा’ संघटनेनं २०११-१२ मध्ये काही गावांत मोठ्या माणसाला महिन्याला २०० आणि मुलाला १०० रुपये दिले, पुढे ते ३०० आणि १५० केले. तिथे लोक घरी बसले नाहीत. दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी कमी करून ते स्वतःच्या शेतावर आणि धंद्यावर जास्त राबू लागले.

हे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं, कारण आमच्या रोवणीचं उत्तर त्यात होतं. काम कमी झालं नव्हतं. आमच्यासारख्यांच्या बांधीतलं काम कमी झालं होतं, आणि बांधीच्या मालकाला या दोन गोष्टी एकच दिसतात.

मनरेगाचंही तसंच. २ फेब्रुवारी २००६ ला ती देशातल्या पहिल्या २०० जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात गोंदिया होता. आमच्याकडे तिच्यातून पांदण रस्ते झाले, बोड्या खोदल्या, मामा तलावांतला गाळ निघाला. तिचा परिणाम नीट मोजला गेला तो आंध्रात. तिथे मजुरी वेळेवर आणि गळती न होता मिळू लागली, तेव्हा गरिबांचं उत्पन्न वाढलं, आणि त्यातली बहुतेक वाढ सरकारी कामातून नव्हे तर खासगी कामाचे दर चढल्यामुळे झाली. शिवाय खासगी काम घटलं नाही. दुसरीकडे काम मिळू शकतं एवढं मालकाला माहीत झालं, की दर बदलतो.

आता लाडकी बहीण. ऑगस्ट २०२४ पासून महिन्याला १,५०० रुपये, म्हणजे दिवसाला ५०. रोवणीची एका दिवसाची मजुरी याच्या कितीतरी पट असते. ५० रुपयांवर कुणी घरी बसून राहू शकत नाही. पण मागच्या वर्षीचा दर नाकारून दोन दिवस थांबता येतं. हुंडा घेऊन टोळीनं काम करायचं ठरवता येतं. आजारी असताना गुडघाभर चिखलात उतरायला नाही म्हणता येतं.

आम्हालाही पैसे मिळतातच. केंद्राचे ६,००० आणि राज्याचे ६,००० असे शेतकरी सन्मानाचे वर्षाला १२,००० बाबांच्या खात्यात येतात. २०२३-२४ च्या हंगामात धानाला हेक्टरी २०,००० रुपयांचा बोनस जाहीर झाला. त्यामुळे शेतकरी आळशी झाला, असं गावात कुणी म्हणत नाही, आणि तो झालेलाही नाही. बाबांची अडचण खोटी नाही. धान विकून पैसे हातात यायला महिने जातात आणि मजुरी मात्र रोख द्यावी लागते. पण ती अडचण धानाच्या भावाची आहे. तिची भरपाई बाईनं आपली रोजी कमी करून करायची, ही जुनी सोय आता बंद होतेय.

ही सोय टिकवायची इच्छा मात्र अजून संपलेली नाही. डिसेंबर २०२५ मध्ये मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर झाला. १०० दिवसांऐवजी १२५ दिवसांची हमी, ही त्याची ठळक बातमी. पण त्यात आणखी एक तरतूद आहे: पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात, वर्षातले एकूण ६० दिवसांपर्यंत सरकारी कामं बंद ठेवता येतील, म्हणजे शेतीला मजूर कमी पडणार नाहीत. मजुराला भाव मागता येईल असे नेमके हेच दिवस असतात. हमी त्याच दिवसांत थांबणार.

इतिहासातून मला एवढं कळलं, की हमीनं माणूस काम सोडतो का, हा प्रश्न दोनशे वर्षांत पुन्हा पुन्हा तपासला गेला आणि उत्तर जवळपास सारखंच आलं. हमी मिळाली की काम सुटत नाही, ते कोणत्या दरानं करायचं हे ठरवण्यात मजुराचाही आवाज येतो. रोवणीला बाया का येत नाहीत, हे सरकारला विचारण्याआधी बायांना विचारायला हवं. त्या पहिला प्रश्न ‘किती देणार?’ हाच करतील. त्यांच्या आज्यांना तो विचारायची सोय नव्हती.