परग्रहाचा जमाखर्च

शुक्राच्या वातावरणांत शेवाळ पेरून तो ग्रह मनुष्यवस्तीस योग्य करावा, अशी कल्पना कार्ल सेगन यांनीं १९६१ सालीं मांडली. पुढें विद्वानांची दृष्टि मंगळाकडे वळली. अशा मनोराज्यांपेक्षां पृथ्वीवरच झालेला एक प्रयोग आम्हांस अधिक बोधप्रद वाटतो.

अमेरिकेंतील ॲरिझोना संस्थानांत सुमारें तीन एकरांचें हवाबंद कांचगृह उभारून त्यांत अरण्य, शेती, चिमुकला समुद्रहि रचण्यांत आला. नांव ठेविलें ‘बायोस्फिअर २’. पहिलें अर्थात् आपली पृथ्वी! २६ सप्टेंबर १९९१ रोजीं आठ स्त्रीपुरुष आंत गेले. दीड वर्ष होण्यापूर्वींच हवेंतील प्राणवायु शेंकडा २१ वरून सुमारें १४ वर उतरला. सकस म्हणून मुद्दाम घातलेल्या मातींतील सूक्ष्मजंतु तो खर्चीत होते. पण मग त्या मानानें कर्बद्विप्राणिद वायु वाढावयास हवा होता. तो वाढलेला दिसेना. शोधाअंतीं कळलें कीं, बांधकामाचें काँक्रीट तो निमूटपणें शोषून घेत होतें, म्हणून वनस्पतींकडून त्याचा पुन्हां प्राणवायु होईना. जमाखर्चांत भिंती कोणीं धरल्याच नव्हत्या! जानेवारी १९९३ मध्यें बाहेरून प्राणवायु सोडावा लागला. परागवाहक कीटक नष्ट झाले. मुंग्या मात्र माजल्या.

मंगळाचा हिशेब जेकोस्की व एडवर्ड्स यांनीं २०१८ सालीं प्रसिद्ध केला. तेथील हातीं लागण्याजोगा सारा कर्बद्विप्राणिद मोकळा केला, तरी ग्रहास पुरेशी ऊब येणार नाहीं, असा त्यांचा निष्कर्ष आहे. प्राणवायूचा प्रश्न त्यानंतरचा.