जेब, एग्लंटाइन

(२५ ऑगस्ट १८७६ – १७ डिसेंबर १९२८). ब्रिटिश समाजसेविका, ‘सेव्ह द चिल्ड्रन फंड’ या संस्थेच्या संस्थापक आणि बालहक्कांच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्याच्या कर्त्या. जन्म इंग्लंडमधील श्रॉपशर परगण्यात एल्झमीर येथे, सधन जमीनदार घराण्यात. खेड्यांतील लोकांना हस्तव्यवसाय शिकवणारी एक संघटना त्यांच्या आईनेच सुरू केली होती. समाजकार्याचे बाळकडू त्यांना घरीच मिळाले. ऑक्सफर्डच्या लेडी मार्गारेट हॉलमध्ये इतिहास शिकून त्यांनी मार्लबरो येथे प्राथमिक शाळेत नोकरी धरली, पण तेथे मन रमले नाही आणि प्रकृतीही साथ देईना. पुढे केंब्रिजला त्या चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटीत काम करू लागल्या. त्या शहरातील गरिबीची पाहणी करून त्यांनी लिहिलेले पुस्तक १९०६ मध्ये प्रसिद्ध झाले. मदत देण्यापूर्वी गरज नेमकी काय आहे ते तपासायचे, ही त्यांची पुढची सारी कार्यपद्धती या पाहणीतूनच घडली. १९१३ मध्ये बाल्कन युद्धातील निर्वासितांना मदत पोहोचवण्यासाठी त्या मॅसिडोनियात गेल्या.

नोव्हेंबर १९१८ मध्ये पहिले महायुद्ध थांबले, तरी दोस्त राष्ट्रांनी जर्मनी व ऑस्ट्रियाची नाकेबंदी उठवली नाही. अन्नावाचून तेथील मुले खंगत होती. एग्लंटाइन यांची धाकटी बहीण डॉरोथी बक्स्टन युद्धकाळात परदेशी वृत्तपत्रांतील मजकुराची भाषांतरे प्रसिद्ध करत असे, त्यामुळे ही हलाखी दोघी बहिणींना ठाऊक होती. १९१९ च्या आरंभी ‘फाइट द फॅमिन कौन्सिल’ स्थापन झाले. ऑस्ट्रियातील एका भुकेल्या बालकाचे छायाचित्र असलेली पत्रके लंडनच्या ट्रफाल्गर चौकात वाटल्याबद्दल एग्लंटाइन यांना अटक झाली; पत्रकांना सरकारी परवानगी नव्हती. खटल्यात त्यांनी स्वतःची बाजू स्वतःच मांडली. न्यायालयाने पाच पौंड दंड केला. सुनावणीनंतर सरकारी वकील सर आर्चिबाल्ड बॉडकिन यांनी तेवढीच रक्कम आपल्या खिशातून त्यांच्या हाती ठेवली आणि नव्या निधीतील पहिली देणगी म्हणून ती जमा झाली. १९ मे १९१९ रोजी रॉयल अल्बर्ट हॉलमधील जाहीर सभेत ‘सेव्ह द चिल्ड्रन फंड’ची घोषणा झाली. ज्या घरांतले तरुण मुलगे नुकतेच रणांगणावर पडले होते, त्याच घरांकडे शत्रूच्या मुलांसाठी पैसे मागायचे होते. एग्लंटाइन यांचे धैर्य अटकेपेक्षाही या मागण्यात अधिक दिसते.

त्यांच्या विनंतीवरून पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी त्याच वर्षीच्या डिसेंबरात जगभरच्या कॅथलिक चर्चमध्ये निधी गोळा करण्याचे आवाहन केले. १९२० मध्ये जिनिव्हात या कार्यासाठी ‘सेव्ह द चिल्ड्रन’चा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. १९२१ च्या रशियन दुष्काळात संस्थेने अन्नधान्याचे जहाज पाठवले आणि व्होल्गाकाठच्या सारातोव्ह भागात अन्नछत्रे चालवून लाखो मुलांना जगवले. बोल्शेव्हिक रशियाला मदत का, असा हल्ला ब्रिटनमधील काही वृत्तपत्रांनी चढवला, तेव्हा संस्थेने दुष्काळी भागात चित्रीकरण करवून तो चित्रपट लोकांना दाखवला. वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन निधी मागण्याची रीतही त्यांनी अवलंबली. जाहिरातीवरचा खर्च अनेकांना खटकला, पण त्यातून पैसा उभा राहत होता.

दुष्काळ ओसरला की देणग्याही आटतात, हे एव्हाना स्पष्ट झाले होते. मुलांचे पोट देणाऱ्याच्या मर्जीवर राहू नये म्हणून १९२३ मध्ये त्यांनी पाच कलमांचा मसुदा लिहिला. संकटात मदत सर्वांत आधी मुलाला मिळावी, भुकेल्याला अन्न, आजाऱ्याला शुश्रूषा आणि अनाथाला आसरा मिळावा, त्याचे शोषण होऊ नये, अशी ती साधी, थेट कलमे आहेत. २६ सप्टेंबर १९२४ रोजी राष्ट्रसंघाने हा ‘जिनिव्हा जाहीरनामा’ स्वीकारला.

कंठग्रंथीच्या जुन्या विकाराने खालावलेल्या एग्लंटाइन यांचे जिनिव्हात, वयाच्या ५२ व्या वर्षी निधन झाले. संयुक्त राष्ट्रांचा १९५९ चा बालहक्क जाहीरनामा आणि १९८९ चा बालहक्क करार यांची सुरुवात त्यांच्या मसुद्यापासून होते. भारताने हा करार १९९२ मध्ये मान्य केला.