लासा विषाणूचा वाहक उंदीर : प्रजातीनिश्चितीचा इतिहास (१९६९–२०१६)

प्राणिजन्य रोगांच्या इतिहासात जंतूच्या शोधास जेवढे स्थान मिळते, तेवढे तो जंतू बाळगणाऱ्या प्राण्याच्या ओळखीस मिळत नाही. मुंबईच्या प्लेगचे संशोधन करणाऱ्यांना घरातला काळा उंदीर आणि गटारातला तपकिरी उंदीर नुसत्या डोळ्यांनी वेगळे करता येत होते. पश्चिम आफ्रिकेतील लासा ज्वराच्या अभ्यासकांना ही सोय नव्हती. त्यांची अडचण कशी सुटत गेली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१९६९ मध्ये ईशान्य नायजेरियातील लासा या गावी एक मिशनरी परिचारिका आजारी पडली व पुढे दगावली. त्या गावाचेच नाव विषाणूस मिळाले. १९७२ मध्ये सिएरा लिओनमधील साथीच्या वेळी पकडलेल्या उंदरांतून टॉमस मोनाथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विषाणू वेगळा केला. १९७४ मध्ये तो शोध प्रसिद्ध झाला. उंदराचे नाव नोंदले गेले ‘मास्टोमिस नातालेन्सिस’. परंतु हे नाव तेव्हा फार सैलपणे वापरले जाई. सहाराच्या दक्षिणेस सर्वदूर आढळणाऱ्या, दिसण्यात सारख्या अशा अनेक प्रजाती त्याखाली दडल्या होत्या.

रंग, शेपटी, कवटी यांच्या मोजमापांनी निर्णय होईना. तेव्हा गुणसूत्रांची मोजणी पुढे आली. नातालेन्सिसमध्ये ३२ आणि एरिथ्रोल्यूकसमध्ये ३८ गुणसूत्रे असतात. मात्र ह्युबर्टी या तिसऱ्या प्रजातीतही ती ३२ च असल्याने केवळ संख्या पुरेशी नव्हती. शिवाय या पद्धतीस जिवंत किंवा नुकताच मारलेला प्राणी लागतो. दूरच्या खेड्यात, विषाणूग्रस्त असू शकणारा उंदीर हाताळत हे काम करणे म्हणजे काय, याची कल्पना प्रयोगशाळेत बसून येणे कठीण.

पॉलिमरेज शृंखला अभिक्रियेने ही अट दूर केली. अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या ऊतीच्या लहानशा तुकड्यावरून सूत्रकणिकेतील सायटोक्रोम-बी हे सुमारे ११४० बेस-जोड्यांचे जनुक वाचता येऊ लागले. पेशीत त्याच्या अनेक प्रती असतात, त्यामुळे खराब नमुनाही उपयोगी पडतो. ते केवळ मातेकडून येत असल्याने संकर मात्र त्यातून उघड होत नाहीत; ही मर्यादा पुष्कळदा विसरली जाते.

या चिन्हकाचा खरा कस गिनीमध्ये लागला. तेथील १३ खेड्यांतील १४८२ उंदीरवर्गीय प्राण्यांची तपासणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. विषाणू ९६ प्राण्यांत सापडला आणि ते सर्व नातालेन्सिस होते. हा उंदीर तेथे मुख्यतः घरांत, तर एरिथ्रोल्यूकस बहुतांशी शेत-रानात राहतो. म्हणजे धान्य कोठे झाकावे, सापळे कोठे लावावेत, याचे उत्तर प्रजातीच्या नावावर अवलंबून होते. पुढे नातालेन्सिसच्याही अनेक मातृवंशशाखा स्पष्ट झाल्या. टांझानियातील शाखांत लासाऐवजी मोरोगोरो व गैरो हे त्याच कुळातील अन्य विषाणू मिळाले. हा उंदीर पूर्व व दक्षिण आफ्रिकेत विपुल असूनही लासा ज्वर पश्चिमेपुरताच का, या प्रश्नास त्यामुळे निराळी दिशा मिळाली, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

एकच वाहक, हा निष्कर्ष मात्र टिकला नाही. २०१६ मध्ये नायजेरियात हायलोमिस्कस पाम्फी या वेगळ्या वंशाच्या उंदरात, तसेच नायजेरिया व गिनी येथील एरिथ्रोल्यूकसमध्येही लासा विषाणू आढळल्याचे प्रसिद्ध झाले. या प्राण्यांची ओळखही सूत्रकणिकेतील जनुकावरूनच पटवली होती.